सिक टेलिमेट्री रेडिओ रिव्ह्यू: कमांड टाका, दोन्ही टोकांची तब्येत कळते

ड्रोनवाले ज्याला नुसतं टेलिमेट्री म्हणतात त्या, दूरवरून डेटा पाठवणाऱ्या सिक फर्मवेअरच्या (बोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) रेडिओ जोडीचा हा रिव्ह्यू आहे, पण मी तो ड्रोनवर वापरत नाही. आमचा छोटा ग्रुप आहे, सिन्नरच्या बाजूला पाझर तलावांमध्ये गाळ किती साठलाय ते मोजायला आम्ही एक लहान बोट बनवलीय, वर आर्डुपायलट या ओपन सोर्स ऑटोपायलटचं रोव्हर फर्मवेअर, खाली आवाजाने खोली मोजणारा इकोसाउंडर, आणि बोटीवरून काठावरच्या लॅपटॉपपर्यंत सगळा डेटा याच रेडिओवरून येतो. गाळ काढायच्या आधी आणि काढून झाल्यावर खोलीचा नकाशा हातात असला की किती माती निघाली याचा हिशोब गावाला स्वतः लावता येतो, त्यामुळे मधेच लिंक गेली की आमची अख्खी फेरी वाया. म्हणून मी रेडिओ घेताना एकच बघतो, लिंक तुटली तर का तुटली हे मला काठावर बसल्या बसल्या कळणार आहे का. यात कळतं, आणि ते कळतं टाइप करायच्या कमांडमुळे. रेंज आणि किमतीवर भरपूर जणांनी लिहिलंय, कमांडवर मराठीत मला काहीच दिसलं नाही म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

कमांड इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये (लॅपटॉपवरची कमांड टाइप करायची खिडकी) अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

वस्तू अगदी साधी आहे. दोन छोटे बोर्ड, दोन अँटेना, एक टोक यूएसबीने लॅपटॉपला आणि दुसरं टोक वायरने बोटीवरच्या ऑटोपायलटला. माझ्या जोडीत सिलिकॉन लॅब्सची एसआय१००० चिप आहे, म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि रेडिओ एकाच चिपमध्ये. फर्मवेअर ओपन सोर्स आहे, मूळ मायकल स्मिथ यांनी लिहिलेलं आणि नंतर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बरंच वाढवलेलं, हे ट्रिजेल म्हणजे सांबा आणि आरसिंक या नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या सॉफ्टवेअरवाले. माणूस नेटवर्किंगमधला आहे हे फर्मवेअर वापरताना जाणवतं, कारण आत काय चाललंय ते बाहेर दाखवायची सोय सगळीकडे करून ठेवलीय.

कमांडची पद्धत जुन्या मॉडेमची, १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासून चालत आलेली. ज्यांनी व्हीएसएनएलच्या डायलअपच्या काळात एटीडीटी टाकून नंबर फिरवलाय त्यांना हे घरचंच वाटेल. टर्मिनल ५७६०० बॉडला उघडायचं, एक सेकंद काहीही टाइप करायचं नाही, मग +++ टाकायचं, एंटर दाबायचा नाही, परत एक सेकंद हात लांब, की समोरून ओके येतं आणि तुम्ही कमांड मोडमध्ये. ही आधीची आणि नंतरची शांतता मुद्दाम ठेवलेली आहे, कारण चालू डेटामध्ये कुठे चुकून तीन प्लस आले तर रेडिओने मधेच कमांड मोडमध्ये जाऊ नये. रेडिओ खराब आहे, उत्तरच देत नाही अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बऱ्याच इथेच सुटतात, कुणी एंटर दाबलेला असतो, कुणाचं ग्राउंड स्टेशनचं (काठावरून बोट किंवा ड्रोन चालवायचं) सॉफ्टवेअर मागे चालू राहून त्याच पोर्टवर डेटा ढकलत असतं. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर वापरणाऱ्यांनी तर खास लक्ष द्या, +++ पाठवताना लाइन एंडिंग ‘नो लाइन एंडिंग’वर ठेवायचं आणि ओके आल्यावर पुढच्या कमांडसाठी ‘कॅरेज रिटर्न’वर न्यायचं, नाहीतर पहिल्याच पायरीला अडकाल. लिनक्सवर मी पिकोकॉम वापरतो, मिनिकॉम वापरत असाल तर त्यातला हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधी बंद करा.

आत शिरल्यावर पहिली कमांड एटीआय, ती फर्मवेअरची आवृत्ती आणि बोर्डचं नाव सांगते. मग एटीआय५, ही खरी कामाची. यात एस१ पासून पुढे सगळी सेटिंग एकाखाली एक ओळीने येतात, सिरियल स्पीड ५७, एअर स्पीड (हवेतला डेटाचा वेग) ६४, नेट आयडी (जोडीचा ओळख क्रमांक) २५, टीएक्स पॉवर (बोलायचा जोर) २०, ईसीसी (चुका दुरुस्त करणारा कोड), मॅव्हलिंक (ऑटोपायलट आणि ग्राउंड स्टेशनमधली डेटाची भाषा), किमान आणि कमाल फ्रिक्वेन्सी, चॅनलची संख्या वगैरे. सिरियल स्पीड ५७ म्हणजे ५७६००, ११५ म्हणजे ११५२००, शेवटचे आकडे गाळून लिहितात. बदलायचं असेल तर एटीएस३=४२ असं टाकायचं, म्हणजे तिसऱ्या नंबरचं सेटिंग, नेट आयडी, आता ४२. मग एटी&डब्ल्यू टाकून ते पक्कं लिहायचं आणि एटीझेडने रेडिओ रीबूट. एटी&डब्ल्यू राहिलं तर रीबूटनंतर जुनंच सेटिंग परत. सगळं विस्कटलं तर एटी&एफ, फॅक्टरी सेटिंग.

हे सगळं मिशन प्लॅनर या ग्राउंड स्टेशन सॉफ्टवेअरच्या खिडकीत बटणं दाबूनही होतं आणि नवीन माणसाने सुरुवात तिथूनच करावी, त्यात काही कमीपणा नाही. पण जोडी जुळतच नसेल, हिरवा लाइट नुसता लुकलुकत असेल, तेव्हा त्या खिडकीत दुसऱ्या टोकाचा कॉलम रिकामाच दिसतो आणि माणूस हताश होतो. तिथे टर्मिनल कामाला येतं. एक रेडिओ लावायचा, एटीआय५, कॉपी करून ठेवायचं, दुसरा लावायचा, परत एटीआय५, दोन्ही यादी शेजारी शेजारी. एअर स्पीड, नेट आयडी, ईसीसी, किमान-कमाल फ्रिक्वेन्सी, चॅनलची संख्या, एलबीटी (बोलण्याआधी चॅनल मोकळा आहे का ऐकणं), मॅक्स विंडो (एका वेळी बोलायची कमाल वेळ) हे दोन्हीकडे सारखं पाहिजेच, फर्मवेअरची आवृत्तीही सारखी असलेली बरी. सिरियल स्पीड आणि पॉवर मात्र वेगवेगळे चालतात. ग्रुपमधल्या एका मित्राची जोडी अशीच मुकी होती, बघितलं तर नेट आयडी तोच, फ्रिक्वेन्सी तीच, फक्त एकाचा एअर स्पीड ६४ आणि दुसऱ्याचा १२८. एक ओळ बदलली, हिरवा लाइट स्थिर.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण आपल्याकडे यात लोक डोळे झाकून खरेदी करतात. बाजारात ४३३ आणि ९१५ वालेच जास्त दिसतात. ९१५ चा पट्टा आपल्याकडे लायसन्स-फ्री नाही, शेजारी ९०० बँडचं मोबाइल नेटवर्क चालतं. ४३३ ते ४३४ ला परवानगी आहे पण फक्त १० मिलीवॉटपर्यंत, आणि या रेडिओची डिफॉल्ट पॉवर २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॉट. आपल्याकडे मोकळा पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, २००५ पासून लायसन्सशिवाय १ वॉटपर्यंत, चॅनलची रुंदी २०० किलोहर्ट्झ, आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. म्हणून मी ८६८ ची जोडी शोधून घेतली आणि एस८ (किमान फ्रिक्वेन्सी) मध्ये ८६५०००, एस९ (कमाल) मध्ये ८६७०००, एस१० मध्ये ८ चॅनल टाकले. आठच का, तर फर्मवेअर दोन चॅनलमधलं अंतर काढताना चॅनलच्या संख्येत दोन मिळवून भागतं, २००० किलोहर्ट्झ भागिले दहा, बरोबर २००. एवढा बारीक हिशोब स्वतः लावून रेडिओला तीन ओळीत सांगता येतो हे मला मनापासून आवडतं, मोबाइल ॲपवाल्या बंद डब्यातल्या रेडिओत ही सोय मला तरी मिळाली नाही. फक्त ९१५ चा किंवा ४३३ चा बोर्ड घेऊन त्यात ८६५ टाकायचा प्रयत्न करू नका, अँटेना आणि फिल्टर त्या त्या बँडचेच असतात.

नेट आयडी डिफॉल्टला २५ असतो आणि जगात सगळ्यांचा २५ असतो, तो बदलाच. चॅनलवर उड्या मारायचा क्रम त्यावरून ठरतो, त्यामुळे शेजारी दुसरी जोडी चालू असली तरी एकमेकांत येत नाहीत. याला सुरक्षा मात्र समजू नका, माझ्या बोर्डमध्ये एन्क्रिप्शन नाही, डेटा उघडाच जातो. तलावाच्या खोलीसाठी मला चालतं.

दूरच्या रेडिओला सेटिंग द्यायची सोय तर लाजवाब आहे. एटीच्या जागी आरटी टाकायचं, झालं. आरटीआय५ म्हटलं की बोटीवरच्या रेडिओची यादी काठावरच्या स्क्रीनवर येते, बोट तलावाच्या मध्यात असली तरी. पण क्रम पाळायचा, आधी दूरचा, मग जवळचा. आरटीएस३=४२, आरटी&डब्ल्यू, आरटीझेड, इथे लिंक तुटणारच, मग जवळच्याला तेच एटीने. उलट केलं, म्हणजे जवळचा आधी बदलला, की दूरच्याशी बोलायचा रस्ताच गेला आणि मग पाण्यात उतरा.

आता ज्या कमांडसाठी मी हा रेडिओ कुणालाही सुचवतो ती, एटी&टी=आरएसएसआय. ही टाकली की कमांड मोडमध्येच एकामागून एक ओळी यायला लागतात, बंद करायला नुसतं एटी&टी. ओळ साधारण अशी दिसते:

एल/आर आरएसएसआय: ११८/११५ एल/आर नॉइज: ४४/९१ पॅकेट्स: ८ टीएक्सई=० आरएक्सई=० एसटीएक्स=० एसआरएक्स=० ईसीसी=०/० टेम्प=३४ डीसीओ=०

आरएसएसआय म्हणजे आलेल्या सिग्नलचा जोर, एल म्हणजे हा जवळचा रेडिओ, आर म्हणजे दूरचा. ११८ म्हणजे बोटीचा आवाज मला काठावर किती जोरात ऐकू येतोय, ११५ म्हणजे माझा आवाज बोटीला किती जोरात. नॉइज म्हणजे कुणीच बोलत नसताना त्या त्या कानाला किती गोंगाट आहे. डीबीएममध्ये पाहिजे असेल तर आकड्याला १.९ ने भागायचं आणि १२७ वजा करायचे, पण रोजच्या कामाला सिग्नल आणि नॉइजमधला फरक बघितला तरी पुरतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे या आकड्यात साधारण ११ ने घट, त्यावरून अजून किती लांब जाता येईल याचा अंदाज जागेवरच लागतो. पाण्याला लागून अँटेना असेल तर घट याहून जोरात होते, पाण्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला खाते.

वरची ओळ मी मुद्दाम दिलीय, ती आमच्या बोटीची एका वाईट दिवसाची आहे. लक्षण असं होतं की नकाशावर खोलीचे आकडे झकास येत होते पण थांब म्हटलं तर बोट थांबत नव्हती, कधी ऐकायची, कधी नाही. नुसता सिग्नलचा एक आकडा दाखवणारा रेडिओ असता तर आम्ही अँटेना बदलत बसलो असतो, कारण सिग्नल तर दोन्हीकडे चांगलाच. पण ओळ नीट वाचा. माझ्या बाजूला ११८ विरुद्ध ४४, जवळजवळ ३९ डीबीची गादी. बोटीच्या बाजूला ११५ विरुद्ध ९१, जेमतेम १२-१३ डीबी, आणि बोट अजून जवळच होती. म्हणजे बोट बोलतेय ते मला ऐकू येतंय, मी बोलतोय ते बोटीला तिच्याच अंगावरच्या गोंगाटात ऐकू येत नाही. बोट काठाला बांधली, प्रॉपेलर काढले, टर्मिनलवर ओळी चालू ठेवल्या आणि बोटीवरची एकेक गोष्ट बंद करत गेलो. इकोसाउंडर बंद, ९१ च. छोटा कॉम्प्युटर बंद, ८९. कॅमेऱ्याला वीज देणारा स्वस्तातला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) काढला आणि पुढच्याच ओळीत आरचा नॉइज ५१. तो कन्व्हर्टर अँटेनापासून वीतभर अंतरावर होता. त्याला मागच्या टोकाला धातूच्या डबीत घातला, वायरीला गोंगाट अडवणारा फेराइट, आणि अँटेना पीव्हीसी पाइपवर वर नेली. त्यानंतर नॉइज तर खाली राहिलाच, उंचीमुळे सिग्नलही वाढला. स्पेक्ट्रम ॲनालायझर नाही, काही नाही, एका कमांडवर चोर सापडला.

या ओळीतून अजून एक फार उपयोगी गोष्ट कळते. एल आणि आर आरएसएसआय दोन्ही सारखे पडले तर अँटेना, केबल किंवा अंतर, कारण अँटेना ढिली झाली तर बोलणं आणि ऐकणं दोन्ही सारखंच मार खातं. पण एकच बाजू पडली, समजा आर ७० आणि एल ११०, तर अँटेनाला हात लावू नका, बहुधा माझा रेडिओच हळू बोलतोय. आधी एटीआय५ मध्ये टीएक्स पॉवर बघा, ती ठीक असेल तर यूएसबी हब किंवा लांब केबलमुळे व्होल्टेज पडतंय का ते बघा. लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावून बघितलं की लगेच कळतं.

पुढची अक्षरंही कामाची आहेत. टीएक्सई आणि आरएक्सई (पाठवताना आणि घेताना झालेल्या चुका) वाढत असतील तर गडबड हवेत, एसटीएक्स आणि एसआरएक्स वाढत असतील तर गडबड वायरीच्या बाजूला, म्हणजे ऑटोपायलट झेपेल त्यापेक्षा जास्त डेटा रेडिओत ओततोय. तेव्हा रेंज वाढवायचे उपाय करून काही होणार नाही, ऑटोपायलटचे स्ट्रीम रेट (डेटा पाठवायचा वेग) कमी करा किंवा फ्लो कंट्रोलच्या वायरी जोडा. ईसीसी चालू केलंत तर १२ बिटला २४ बिट जातात, गोले कोड आहे, त्या चोवीसातले तीन बिट बिघडले तरी दुरुस्त होतात, पण डेटा निम्म्यावर येतो हे लक्षात ठेवून चालू करा. डीसीओ शून्याच्या वर गेला तर बोर्ड तापून स्वतःच बोलणं कमी करतोय, एप्रिल-मेमध्ये काळ्या डब्यात बंद करून उन्हात ठेवणाऱ्यांनी याच्यावर डोळा ठेवावा.

एक काळजी, कमांड मोडमध्ये असताना लिंक चालू राहते पण तुमचा डेटा पुढे जात नाही, म्हणजे ऑटोपायलटला वाटतं ग्राउंड स्टेशन गेलं. त्यामुळे हे उद्योग गाडी बांधून किंवा बोट काठाला लावून करा. चालू फेरीत हेच आकडे पाहिजेत तर एस६, मॅव्हलिंक, १ ठेवा, मग रेडिओ स्वतःच डेटामध्ये आपल्या तब्येतीचं पॅकेट मिसळतो आणि सिग्नल, नॉइज सगळं ग्राउंड स्टेशनच्या लॉगमध्ये जमा होतं. आम्ही फेरीनंतर तो ग्राफ नकाशाशेजारी ठेवून बघतो, तलावाच्या कुठल्या कोपऱ्यात बांधाच्या आड सिग्नल पडतो ते स्पष्ट दिसतं.

आता न आवडलेलं. पहिलं म्हणजे कनेक्टर, तो सहा पिनचा इवलासा कनेक्टर शेताच्या धुळीसाठी नाही, दोन-चारदा काढघाल केली की ढिला होतो, मी गरम गोंदाने पक्का केलाय. दुसरं, माहिती विखुरलेली आहे, एकेका अक्षराचा अर्थ एका जागी नीट लिहिलेला मिळत नाही, आणि एरर आली की रेडिओ नुसतं एरर म्हणतो, का ते सांगत नाही. एवढ्या बोलक्या फर्मवेअरमध्ये हे फार खटकतं. तिसरं, डबा. बऱ्याच जोड्या नुसत्या श्रिंक ट्यूबमध्ये येतात, पावसापाण्याची सोय आपणच करायची. चौथं आणि सगळ्यात त्रासाचं, विकणारे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ग्रुपमधल्या एकाने ८६८ लिहिलेली जोडी मागवली, स्टिकरवरही ८६८, एटीआय५ टाकलं तर किमान फ्रिक्वेन्सी ९१५०००. परत घ्यायला खूप दमवलं त्यांनी, पण स्क्रीनवरच्या यादीचा फोटो होता म्हणून शेवटी पैसे मिळाले.

माझ्याकडून पाचपैकी चार. ज्यांना डबा उघडायचा, लावायचा आणि विसरायचा आहे, किंवा काही किलोमीटरवरून दिवसातून एकदा टाकीची पातळी एवढंच पाहिजे, त्यांनी लोराचे मॉड्यूल बघावेत, कमी विजेत लांब जातात. सतत दोन्ही बाजूंनी डेटा पाहिजे, बॉडरेट म्हटलं की दचकत नाही, आणि बिघाड स्वतः शोधायचा आहे अशांनी डोळे झाकून सिक घ्यावा. कॉलेजच्या रोव्हर आणि बोटवाल्या टीमना तर खास सांगेन, मुलांना रेडिओ म्हणजे काय हे या एका ओळीवरून जितकं कळतं तितकं मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

घेणार असाल तर एवढं करा. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला बँड आणि ईटीए (उपकरणाची सरकारी मान्यता) विचारा. पार्सल आलं की अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका. दोन्ही रेडिओ एकाच टेबलावर चिकटून ठेवू नका, पूर्ण पॉवरला शेजारी शेजारी ठेवले तर एकमेकांचे कान बधिर करतात, टीएक्स पॉवर ५ वर आणा किंवा एक दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्हीवर एटीआय आणि एटीआय५ टाकून यादी सेव्ह करा, आवृत्त्या जुळतात का बघा, मग एटी&टी=आरएसएसआय चालू ठेवून अर्धा तास तसंच राहू द्या. नॉइज दोन्हीकडे साधारण सारखा आणि आरएक्सई जवळपास स्थिर राहिला तर जोडी ठेवा. नसेल तर तो स्क्रीनशॉट जोडून रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा.